विश्लेषण : जुन्या पिकअपचाच ‘पिकअप’ का जातो? इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

हौदा असलेल्या मालवाहू गाडीला आपल्याकडे ‘पिकअप’ म्हणतात आणि गाडीने वेग घेण्यालाही ‘पिकअप’च म्हणतात. त्यामुळे जुनी गाडी विकत घेतल्यावर ‘पिकअपला पिकअपच नाही’ हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. ऐकायला गमतीशीर वाटले तरी गाडीमालकासाठी हा विषय गमतीचा नसतो. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारा हापूस असो किंवा फोंडा घाटाने वर येणारी मासळी असो, गाडी भरलेली आणि रस्ता चढाचा अशीच ही वाहतूक चालते. गाडीने दम टाकला की माल उशिरा पोहोचतो आणि भाव हातचा जातो. कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच भरावा लागतो.

अशा वेळी सगळ्यात महाग पडते ती घाईची दुरुस्ती. ‘पंप गेला’, ‘टर्बो गेला’, ‘इंजिन काम निघाले’ असे अंदाजाने सांगितले जाते, हजारो रुपये खर्च होतात आणि शेवटी दोष फाटलेल्या रबरी नळीत किंवा धरून बसलेल्या ब्रेकमध्ये सापडतो. जुन्या डिझेल पिकअपमधला हा दोष शोधायचा कसा आणि कोणत्या क्रमाने, याचा हा आढावा.

‘पिकअप नाही’ म्हणजे नेमके काय?

एकाच तक्रारीमागे तीन वेगळी दुखणी असू शकतात. पहिले, इंजिनात ताकदच तयार होत नाही. दुसरे, ताकद तयार होते, पण चाकापर्यंत पोहोचत नाही. तिसरे, ताकद चाकापर्यंत पोहोचते, पण तिला काहीतरी अडवते. बोनेट उघडण्याआधी यातले दुखणे कोणते हे ठरवले तर निम्मे काम होते.

रेस दिली की इंजिनाचा आवाज आणि फेरे वाढतात, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तर संशय क्लचवर जातो. इंजिनाचे फेरेच वाढत नाहीत, पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी गुरगुरत राहते, तर इंजिनाची हवा, डिझेल किंवा कॉम्प्रेशन तपासावे लागते. सपाट रस्त्यावर पाय काढताच गाडी कुणी मागून ओढल्यासारखी थांबते, तर ब्रेक किंवा टायर.

दोष केव्हा दिसतो, हे का महत्त्वाचे?

दोषाची वेळ पुष्कळ काही सांगते. ताकद एका दिवसात, एका क्षणात गेली असेल तर निसटलेली नळी, बिघडलेला सेन्सर किंवा टर्बो असे काहीतरी अचानक घडलेले असते. महिनोन्‌महिने हळूहळू कमी झाली असेल तर चोंदलेले फिल्टर, झिजलेली नोझल किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन असण्याची शक्यता अधिक.

गाडी निघताना चांगली, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर जड, आणि तासभर उभी ठेवल्यावर पुन्हा मोकळी, हे ब्रेक तापून धरल्याचे लक्षण असू शकते. रिकामी असताना ठीक, पण भरलेली असताना चढावर अचानक दम टाकते आणि दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा थोडी धावते, असे होत असेल तर आधी डिझेलचा पुरवठा तपासावा. कमी भाराला इंजिनाला थोडेच डिझेल लागते आणि तेवढे अर्धवट चोंदलेल्या फिल्टरमधूनही मिळते. चढावर मागणी वाढली की पुरवठा कमी पडतो.

दोष दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाला असेल तर त्या दुरुस्तीत ज्याला हात लागला तेच आधी पाहावे. क्लच बदलल्यावर पेडलची मोकळी चाल ठेवली नाही, ब्रेक जास्त आवळले गेले, हवेच्या नळीचा क्लॅम्प घट्ट बसवला नाही, अशा साध्या चुका अनेकदा आढळतात.

दोष गाडीचा की ओझ्याचा?

हा प्रश्न अनेकांना आवडत नाही, पण पहिला मान त्याचाच. आरसी बुकवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह एकूण वजन दिलेले असते. दोन्हींतील फरक म्हणजे माणसांसह गाडीने वाहायचे ओझे. जुन्या पिकअपला मागे जादा पाटे टाकलेले असतील तर गाडी खाली बसत नाही, म्हणून ओझे जास्त झाल्याचे डोळ्यांना कळत नाही. पाटे वाढवल्याने इंजिनाची ताकद मात्र वाढत नाही.

साधा हिशेब पाहू. गाडी आणि माल मिळून वजन ३ टन आहे आणि रस्ता दर २० मीटरला १ मीटर चढतो. या चढावर ताशी ४० किलोमीटर वेग राखायचा तर केवळ चढावर मात करण्यासाठी सुमारे २२ अश्वशक्ती लागते. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यात धरलेला नाही. तेच वजन ४ टन झाले की ही गरज सुमारे २९ अश्वशक्तीवर जाते. अडीच लिटरच्या जुन्या पिकअप इंजिनाची कमाल ताकद साधारण ६० ते ७५ अश्वशक्तीच्या घरात असते आणि तीही वरच्या फेऱ्यांवरच मिळते. चौथ्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर इंजिन गुरगुरवत ठेवले तर त्यातला लहानसा भागच हाती येतो. म्हणून वजनकाट्यावर एकदा भरलेली गाडी तोलून पाहावी आणि चढावर गिअर वेळेत खाली घ्यावा.

ओझ्याची बाजू कायद्याचीही आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

उंचीचाही थोडा परिणाम असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटर उंचीमागे साधारण दहा टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला अशी गाडी थोडी मंद वाटणे स्वाभाविक आहे. टर्बो असलेल्या गाडीत ही घट बरीच भरून निघते. त्यामुळे टर्बोची गाडी घाटमाथ्यावर फारच मंदावली तर टर्बोकडे पाहावे.

ब्रेक आणि टायर ताकद कशी खातात?

ब्रेकचे लायनर ड्रमला किंचित घासत राहिले तरी इंजिनाची बरीच ताकद उष्णतेत जाते. जॅम झालेला व्हील सिलिंडर, कॅलिपरच्या गंजलेल्या पिना, न सुटणारी हँडब्रेकची केबल आणि ब्रेक पेडलची नाहीशी झालेली मोकळी चाल ही त्याची नेहमीची कारणे.

तपासणी सोपी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक शक्य तितका कमी वापरत काही किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांची उष्णता ताडून पाहावी. हात रिमजवळ न्यावा, ड्रमला किंवा डिस्कला लावू नये, भाजण्याची भीती असते. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल तर दोष तिथेच आहे. चारही चाके तापत असतील तर मास्टर सिलिंडर आणि पेडलची चाल पाहावी. पक्की खात्री करण्यासाठी पुढील चाकांना अडथळा लावून, गाडी जॅकवर आणि भक्कम स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवून पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पाहण्याची चाचणी उतारावर किंवा घाटात कधीही करू नये.

धरलेला ब्रेक हा केवळ ताकदीचा प्रश्न नाही. लायनर आणि ब्रेक ऑइल तापत राहिले तर उतारावर ब्रेक निकामी होऊ शकतो, टायर पेट घेऊ शकतो. जळका वास येत असेल तर गाडी थांबवण्याला पर्याय नाही.

टायरमधील हवा भारानुसार आहे का, आधीच्या मालकाने मोठ्या मापाचे टायर बसवले आहेत का, हेही पाहावे. मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर थोडा वरचा झाल्यासारखे असते. सपाटीला ते चालते, चढावर जाणवते.

इंजिन ओरडते, गाडी जात नाही, तेव्हा काय?

हे क्लच घसरण्याचे लक्षण. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने चालताना पेडल एकदम दाबावे. इंजिनाचे फेरे झपकन चढले आणि वेग मागे राहिला, तर क्लचप्लेट घसरते आहे. सोबत करपल्यासारखा वास येतो. ही चाचणी एक-दोनदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

क्लचप्लेट बदलण्याआधी पेडलची मोकळी चाल तपासावी. केबल किंवा सिलिंडर क्लचला थोडा दाबून धरत असेल तर नवी प्लेटही लवकर संपते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या सीलमधून ऑइल गळून प्लेट भिजली असेल तर आधी सील बदलावे लागते. काही चालकांना पाय क्लचवर टेकवून गाडी चालवण्याची सवय असते. तीही सोडावी लागते.

धुराचा रंग काय सांगतो?

जुन्या डिझेल गाडीत धूर फुकटात निदान करून देतो. गरम इंजिनावर, भार असताना, मागून येणाऱ्या कुणाला तरी धूर पाहायला सांगावे.

काळा धूर : डिझेलच्या मानाने हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोची फुटलेली नळी, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, गळकी नोझल किंवा जास्त डिझेल सोडणारा पंप.

पांढरा धूर : डिझेल नीट न जळता बाहेर पडते आहे. थंडीत सकाळी सुरुवातीला थोडा आला तर काळजी नको. गरम झाल्यावरही येत राहिला तर टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन पाहावे. रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचे सील.

ताकद नाही आणि धूरही नाही : हे लक्षण अनेकदा दुर्लक्षित राहते. याचा अर्थ बहुधा इंजिनाला पुरेसे डिझेलच मिळत नाही. अशा गाडीचा टर्बो बदलून काही उपयोग होत नाही.

पीयूसीची पावतीही जपून ठेवावी. डिझेल गाडीच्या पावतीवर धुराच्या घनतेचा आकडा असतो. बीएस-४ गाडीसाठी त्याची मर्यादा १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ आहे. मागच्या आणि आताच्या पावतीतला आकडा वाढत गेला असेल तर इंजिनाची हवा किंवा नोझल बिघडत चालल्याची ती आगाऊ सूचना समजावी.

हवा कुठे अडते?

सुरुवात एअर फिल्टरपासून. वीटभट्टी, खाण किंवा कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. फिल्टरसोबत त्याच्याकडे येणारी नळीही पाहावी. त्यात पालापाचोळा, चिंध्या किंवा उंदराने केलेले घर सापडल्याची उदाहरणे आहेत. फिल्टर काढून गाडी चालवून पाहण्याचा ‘उपाय’ मात्र करू नये. धूळ थेट टर्बोत आणि सिलिंडरमध्ये जाते आणि काही शेकड्यांची बचत इंजिनाच्या जिवावर उठते.

गाडीला टर्बो असेल तर टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या सगळ्या रबरी नळ्या, त्यांचे क्लॅम्प हाताने चाचपावेत. चीर अनेकदा नळीच्या खालच्या बाजूला असते आणि दाब आल्यावरच उघडते. भार देताना ‘फुस्स’ असा आवाज, काळा धूर आणि नळीवर ओलसर तेलकट डाग हे तिन्ही एकत्र दिसले तर नळी फुटली असण्याची शक्यता मोठी.

नळ्या ठीक असतील तर टर्बोचा ॲक्च्युएटर आणि त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी पाहावी. काजळीने टर्बोची पाती अडकली तरी ताकद जाते. टर्बोच्या शाफ्टला हाताला जाणवणारा वर-खाली खेळ असेल, नळ्यांत ऑइल साचले असेल आणि निळा धूर असेल, तर गाडी तशीच चालवू नये. टर्बोतून इंजिनात जाणारे ऑइलच इंधनासारखे जळू लागले तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. काजळीने तो उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा हा वायू घेतो. व्हॉल्व्ह साफ करता येतो. तो पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो, पण त्यामुळे प्रदूषण वाढते आणि संगणक असलेल्या गाडीत नवा दोष नोंदवला जातो.

हवा आत येण्याइतकेच धूर बाहेर जाणेही गरजेचे आहे. दबलेला सायलेन्सर पाइप किंवा आतून चोंदलेला कॅटलिटिक कन्व्हर्टर यामुळे गाडी ठरावीक वेगाच्या पुढे जातच नाही.

डिझेलच्या वाटेत काय तपासायचे?

जुनी गाडी घेतली असेल आणि डिझेल फिल्टर कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदलूनच पुढे जावे. त्याच्या तळाचा नट सैल करून साचलेले पाणी काढता येते. पाणी किंवा गंज निघाला तर टाकीही धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टर काही दिवसांत भरतो.

टाकीतली जाळी चोंदली असेल तर फिल्टर बदलूनही फरक पडत नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर डिझेल ओढले जाताना टाकीत निर्वात तयार होतो. गाडी दम टाकते तेव्हा सुरक्षित जागी थांबून झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट धावली, तर दोष सापडला.

टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळतेच असे नाही. उलट हवा आत शिरते. सकाळी सुरू व्हायला वेळ लागणे, हातपंप मारल्यावर गाडी सुधारणे ही त्याची खूण. पंपाआधी पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का, हे मेकॅनिक पाहू शकतो.

साध्या केबलच्या गाडीत आणखी एक तपासणी दोन मिनिटांत होते. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने पंपावरची दांडी शेवटपर्यंत जाते का ते पाहायचे. केबल ताणली गेली असेल किंवा पेडलखाली जाड मॅट अडकत असेल तर ‘पूर्ण रेस’ ही पूर्ण नसतेच.

विशिष्ट पंपावर डिझेल भरल्यानंतर दोष सुरू झाला असेल तर इंधनावरही संशय घ्यावा. पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे ‘डिझेल’ मात्र नोझल आणि पंप दोन्हींना महाग पडू शकते.

जुना पंप की कॉमन रेल? फरक का पडतो?

तपासणीची पद्धत इंजिनावर अवलंबून असते. जुन्या यांत्रिक पद्धतीत पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लोखंडी नळी जाते. कॉमन रेल पद्धतीत पंपातून डिझेल एका सामाईक नळीत येते, तिथून इंजेक्टरना मिळते आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा जोड असतो. देशभर बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या टप्प्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढत गेले. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही असतो आणि तो भरला की ताकद कमी केली जाते.

यांत्रिक गाडीत नोझल काढून दाबाच्या यंत्रावर तपासता येतात. डिझेल बारीक तुषारासारखे पडते की धार लागते, हे डोळ्यांनी दिसते. पंपाचे टायमिंग आणि कॅलिब्रेशन हे पंप-नोझलच्या कारागिराचे काम आहे. ‘थोडे डिझेल वाढवून देतो’ म्हणून स्क्रू फिरवणे हा इलाज नव्हे. हवा कमी असताना डिझेल वाढवले तर धूर आणि उष्णता वाढते.

कॉमन रेल गाडीत सेन्सरची माहिती चुकीची आली तर संगणक इंजिनाला वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी करतो. गाडी ठरावीक फेऱ्यांच्या पुढे जात नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. अशा वेळी स्कॅनर लावणे ही पहिली पायरी. स्कॅनरचा कोड मात्र निकाल नसतो. ‘रेलमधील दाब कमी’ असा कोड आला तर कारण चोंदलेला फिल्टर, गळके इंजेक्टर, सेन्सरची तुटकी वायर किंवा खरोखर खराब पंप, यांतले काहीही असू शकते. इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजण्याची चाचणी केली की कोणता इंजेक्टर जास्त सोडतो ते कळते. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

एक इशारा : कॉमन रेलमधील दाब १,००० बारच्याही वर जातो. इंजिन चालू असताना तिचा नट सैल करणे किंवा गळती हाताने चाचपणे जिवावर बेतू शकते. बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

इंजिनच थकले आहे, हे कधी मानायचे?

वरचे सगळे तपासून झाल्यावर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेल पेटते. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी झाले की सुरू व्हायला त्रास, पांढरा धूर आणि कमी ताकद ही तिन्ही लक्षणे सोबत येतात. इंजिन गरम असताना ऑइलचे झाकण जपून सैल करावे. तिथून जोरात धूर फेकला जात असेल, ज्याला गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर रिंग आणि बोअर झिजल्याचा संशय घ्यावा.

मात्र इंजिन खोलण्याचा निर्णय झाकण पाहून नव्हे, तर गेजने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावा. चारही आकडे लिहून मागावेत. एकच सिलिंडर कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटचे मर्यादित काम असू शकते. टॅपेट सेटिंग आणि टायमिंग चेन किंवा बेल्टची खूणही आधी जुळवून पाहावी.

गॅरेजमध्ये काय बोलावे?

‘पिकअप नाही, बघा’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कधीपासून, थंड की गरम असताना, रिकामी की भरलेली, कोणत्या गिअरला, धूर कोणता, आधी काय बदलले, या सहा गोष्टी फोनमध्ये लिहून न्याव्यात. शक्य असल्यास मेकॅनिकला भार असलेल्या गाडीत सोबत बसवावे. जागेवर रेस देऊन भाराखालचा दोष क्वचितच दिसतो.

खर्चाचा क्रमही ठरवून घ्यावा :

१. वजन, टायरमधील हवा, ब्रेकची उष्णता, ॲक्सिलरेटरची चाल

२. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टाकीचे झाकण, नळ्या आणि क्लॅम्प

३. क्लचची चाचणी, स्कॅनर

४. टर्बो, ईजीआर, सायलेन्सर

५. नोझल किंवा इंजेक्टर आणि पंपाची यंत्रावर तपासणी

६. कॉम्प्रेशनचे मोजमाप आणि त्यानंतरच इंजिन काम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने गाडी चालवून पाहावी. तीन भाग एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला हे मालकालाही कळत नाही आणि मेकॅनिकलाही. काढलेला जुना भाग परत मागावा.

घाटातच ताकद गेली तर?

इंडिकेटरचे चारही दिवे लावून गाडी शक्य तितकी डावीकडे, वळणापासून दूर घ्यावी. हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा या तिन्ही गोष्टी कराव्यात. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल जड होते, हे लक्षात ठेवून इंजिन बंद असताना गाडी मागे सोडण्याचा प्रयत्न करू नये. निघताना दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाकावा, मागून येणाऱ्या दुचाकीसाठी तो सापळा ठरतो.

गाडी घेण्याआधीच हे कसे ओळखावे?

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असावे असे आधीच सांगावे. विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर सकाळचा त्रास लपतो. रिकाम्या गाडीची गावातली फेरी पुरेशी नसते. थोडा भार आणि एखादा चढ मागावा. त्याच फेरीत धूर, क्लच आणि चाकांची उष्णता या तीन गोष्टी कळतात. एअर फिल्टरचे झाकण उघडून आत धूळ गेली आहे का तेही पाहावे. तिथली धूळ इंजिनाचा इतिहास सांगते.

कागदांत आरसी, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्र पाहावे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. मात्र योग्यता प्रमाणपत्र म्हणजे इंजिनाच्या ताकदीची हमी नव्हे.

जुनी पिकअप नव्या गाडीसारखी पळणार नाही, हे धरूनच ती घेतलेली असते. पण जी ताकद तिच्यात अजून शिल्लक आहे, ती चोंदलेल्या फिल्टरने किंवा अडकलेल्या ब्रेकने खाऊ नये, एवढे मालकाच्या हातात असते. त्यासाठी पाकिटाआधी डोळे, कान आणि नाक वापरावे लागतात. हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी ही तपासणी केली, तर पेट्या भरलेल्या असताना घाटाच्या वळणावर ती करण्याची वेळ सहसा येत नाही.